न मागता दिलेली पुस्तकं

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात आणि शाळेत शिकवणाऱ्यालाही मास्तरच म्हणतात. मी 1981 ते 2016 पहिल्या प्रकारचा मास्तर होतो, पण खोड दुसऱ्या प्रकारची होती. ज्याच्या त्याच्या हातात पुस्तक द्यायचो. ड्रायव्हर, डेपोतले मेकॅनिक, पासवाली कॉलेजची पोरं, कुणी सुटलं नाही. एकदा पाचवडच्या अलीकडे तपासणीला चढलेल्या साहेबांनी माझं वे-बिल बघितलं, बॅगेतली रोकड मोजली आणि तळाशी सापडलेलं उद्धव शेळक्यांचं ‘धग’ वर धरून विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “घेऊन जा साहेब, वाचा.” ते घेऊन गेले. पुस्तक परत आलं नाही. वाचलं असेल, ही आशा मी अजून सोडलेली नाही.

आता गुडघे बोलायला लागलेत आणि हातात वेळच वेळ आहे, तेव्हा एक प्रश्न छळतो. दुसऱ्याला पुस्तक सुचवणं हे दान की आगाऊपणा? कुणी मागितलं नव्हतं. मला आवडलं म्हणून त्यालाही आवडावं, हा हट्ट माझा. यात त्याचं भलं किती बघितलं आणि माझी हौस किती भागवली, याचा हिशेब कधी जुळला नाही. रोकड जुळली नाही तर पदरची भरून मोकळं होता येतं. इथं तसंही जमत नाही.

मला हे व्यसन लागलं तेच मुळात एका न मागितलेल्या पुस्तकानं.

वाईच्या पश्चिमेला धोम धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वर गेलं की जोर आणि जांभळी अशी दोन खोरी लागतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तिकडच्या एका मुक्कामी गाडीवर माझी ड्युटी असायची. अंधार पडता गाव गाठायचं, भाकरी खायची, बाकड्यावर अंग टाकायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन खाली यायचं. त्या गावात एक गुरुजी होते. एकशिक्षकी शाळा, चार इयत्ता एकाच खोलीत. मी माणदेशातला, धनगराचा, एवढं त्यांना बोलण्यातून कळलं होतं. एका पहाटे माझ्या सीटवर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, कुणाचा डबा राहिला. उघडलं तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’.

तोवर माझं वाचन म्हणजे दहावीची पुस्तकं आणि केशकर्तनालयातले दिवाळी अंक. लहानपणी गावच्या वाचनालयात जायचो, पण काउंटरमागचे गृहस्थ मी कादंबरी मागितली की “हे तुला झेपायचं नाही” म्हणून पातळशी बालकथा पुढं सरकवायचे. माझं वय बघून म्हणायचे की पायातली वहाण बघून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यामुळं पुस्तक म्हणजे दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट, असं डोक्यात बसलं होतं. आणि इथं पुस्तकात मेंढरं होती, गोष्ट सांगणारा शाळेचा मास्तर होता, कारभारी होता, औंध संस्थान होतं, आमच्याकडचं ऊन होतं. 1955 साली छापलेल्या पुस्तकात माझी माणसं माझ्या जन्माच्या आधीपासून येऊन बसली होती आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या मुक्कामाला मी पुस्तक परत दिलं. गुरुजींनी ते घेतलं, दुसरं दिलं. हे दोनेक वर्षं चाललं. त्यांना हवी असलेली पुस्तकं मी खालच्या वाचनालयातून माझ्या नावावर आणायचो, त्यांची वाचून झालेली माझ्याकडं यायची. पुस्तकांनाही मुक्कामी गाडी लागली म्हणा. पण एवढ्या काळात गुरुजींनी एकदाही विचारलं नाही, कसं वाटलं? मला मात्र कुणीतरी विचारावं असं फार वाटायचं. खिंडीतून गाडी उतरताना मी मनातल्या मनात उत्तरं तयार करायचो. शेवटी एका रात्री मीच म्हटलं, “गुरुजी, तुम्ही कधी विचारत नाही.”

ते कंदिलाची काच पुसत होते. म्हणाले, “तू तिकीट फाडतोस तेव्हा विचारतोस का, उतरून काय करणार?”

त्यावेळी मला हे फार थोर वाटलं. विनोबांची ‘गीता प्रवचने’ वाचल्यावर तर खात्रीच पटली की गुरुजी सात्त्विक दान करत होते. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलायचं आणि साने गुरुजींनी उतरून घ्यायचं, असं ते पुस्तक तयार झालं. तरुणपणी विनोबा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला येऊन राहिले होते, म्हणून आम्हा वाईकरांना त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपलेपणा आहे. त्यांच्यामुळं मी मूळ गीतेकडं वळलो आणि सतराव्या अध्यायात अडकलो. तिथं दानाचे तीन प्रकार सांगितलेत. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलं तर सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनात कुरकुर ठेवून दिलं तर राजस. आणि अवेळी, अपात्री, आदर न ठेवता, समोरच्याला कमी लेखून दिलं तर तामस.

मी माझी पुस्तकं या तीन खणांत घालून बघितली. सात्त्विक खण जवळपास रिकामा. “वाचलंस का? कुठवर आलास? तो प्रसंग आला का?” असं विचारून मी माणसांना भंडावून सोडायचो. लोक डेपोत मला बघून रस्ता बदलायचे. पुस्तकाची परतफेड पुस्तकानंच होत नाही. ‘तुझी आवड चांगली आहे रे’ हे एवढं ऐकायला मिळावं, हीसुद्धा वसुलीच.

तामस खणात दोनच आहेत. दोन्ही अण्णांना दिलेली.

अण्णा माझे ड्रायव्हर. माझ्याहून सात वर्षांनी मोठे, कोरेगावकडचे. आमची जोडी अकरा वर्षं होती. त्यांचं एकच पुस्तक होतं, शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’. केबिनमध्ये टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं असायचं. किती वेळा वाचलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कर्णाचं रथाचं चाक रुतलं की अण्णांचे डोळे भरायचे आणि घाटात एखादं चाक चिखलात गेलं की म्हणायचे, “चला मास्तर, आपला बी कर्ण झाला.” मला ते पुस्तक पेलवलं नाही. दोनदा धरलं, दोनदा सोडलं. भाषा सारखी अलंकार घालून पुढं येते, साध्या कपड्यात बाहेर पडतच नाही. माझी आवड कोरड्या वाक्यांची. माडगूळकर, ‘धग’, लक्ष्मीबाई टिळक. जी. ए. कुलकर्णीही आवडतात, पण ते मुक्कामाला एकट्यानं वाचू नयेत. ‘काजळमाया’ वाचून मी एक रात्र गाडीतले दिवे चालू ठेवून झोपलो होतो आणि सकाळी बॅटरी उतरली. गावकऱ्यांनी धक्का मारला.

तर अण्णांना सुधारायचं मी मनावर घेतलं. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ दिलं. गंमत म्हणजे ‘युगान्त’ आणि ‘मृत्युंजय’ दोन्ही 1967 सालची. एकाच वर्षी मराठीनं एका हातानं कर्णाला मखरात बसवलं आणि दुसऱ्या हातानं मखरासकट सगळ्यांनाच खाली उतरवलं. ‘युगान्त’मध्ये कुणीच देव नाही. भीष्म, कुंती, द्रौपदी, कर्ण, सगळे माणसांच्या मापात येतात. मला ते पुस्तक प्रिय आहे, आजही आहे. पण अण्णांना देताना माझ्या मनात पुस्तकाची माया नव्हती. वाद जिंकायचा होता. त्यांनी आठ दिवसांत वाचलं. वाचणारा माणूस होता तो, मी त्यांना समजत होतो त्याहून कितीतरी जास्त. परत देताना म्हणाले, “बाई लई हुशार. खोटं कायबी नाही लिवलं.” आणि स्टिअरिंगकडं तोंड करून, “पर मास्तर, माज्याकडं दुसरा हुता कोण?”

त्यानंतर काही दिवस टॉवेल घडी घालून तसाच ठेवलेला असायचा.

दुसरं याहून वाईट. अण्णांच्या घरच्या गेल्या. ध्यानीमनी नसताना, तीन दिवसांच्या तापानं. पंधराव्या दिवशी मी भेटायला गेलो, पिशवीत केळी आणि ‘स्मृतिचित्रे’. मी फार विचार करून ते निवडलं होतं. लक्ष्मीबाईंचा नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला, ही बाई पाच वर्षं एकटी पडली, नातलगांत, सोवळ्याओवळ्यात होरपळली आणि तरी सगळं सांगताना हसते, स्वतःलाच आधी हसते. दुःख असं पेलावं, हे अण्णांना कळेल. असं मला वाटलं. बोलायला काही सुचेना म्हणून मी लवकर उठलो. पुस्तक फळीवर ठेवलं, म्हटलं, “सवडीनं वाचा.”

आठ महिन्यांनी पुस्तक परत आलं. पान उघडलेलं नव्हतं, ते कोऱ्या पुस्तकाचं कळतं. अण्णा रागावले नव्हते. म्हणाले, “नुसता बसला असतास घटकाभर तर बरं वाटलं असतं. तू पुस्तक ठिवलंस आन् गेलास.”

मी यावर पुष्कळ विचार केलाय. दानात पात्र बघावं म्हणतात, म्हणजे घेणारा लायक आहे का ते बघावं. अण्णा दोन्ही वेळा लायक होते. अपात्र होता तो देणारा. देणाऱ्याची पात्रता कोण तपासणार? ‘युगान्त’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांच्यात खोट नाही. बियाणं चांगलंच होतं, पण एकदा मी ते दगड मारावा तसं फेकलं आणि एकदा ओल नसताना पेरलं.

आपल्याकडं जुन्या शास्त्रग्रंथांच्या सुरुवातीलाच चार गोष्टी सांगायची पद्धत होती: विषय काय, प्रयोजन काय, ग्रंथाचा आणि विषयाचा संबंध काय आणि अधिकारी कोण. म्हणजे हे कुणी वाचावं. आजच्या पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचा फोटो असतो, तिथं त्यांनी वाचकाचा फोटो लावला होता म्हणायचं. मला हा ‘अधिकारी’ शब्द आवडत नाही. त्याच्या आडून किती जणांना दारातून परत पाठवलं ते आपल्याला माहीत आहे. वाचनालयातले ते गृहस्थही आपल्या परीनं अधिकारच तपासत होते. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये याचा निकाल लावून टाकला होता खरा. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते वेदाला चक्क कंजूष म्हणतात. संपन्न आहे, पण तीनच वर्णांच्या कानाला लागला, बाकीच्यांना ताटकळत ठेवलं. तो उणेपणा फेडायला वेद गीतेच्या रूपानं पुन्हा आला, अशी त्यांची मांडणी. वारकऱ्यांच्या पारायणाला म्हणूनच दारावर कुणी उभं नसतं.

माझ्या घरातलं उदाहरण सांगतो. ‘बनगरवाडी’ मी सुट्टीत गावी नेली आणि आबांना वाचून दाखवली. आबांना अंगठ्यापलीकडं काही येत नव्हतं. चार रात्री लागल्या. मेंढरांच्या वाड्याशेजारी, बॅटरीच्या उजेडात. ते हूं की चूं करत नव्हते, मला वाटलं झोपले. शेवटी दुष्काळ पडतो, गाव पांगतं. पुस्तक मिटलं. अंधारातून आबांचा आवाज आला, “मंग मेंढरांचं काय झालं?”

1972 च्या दुष्काळात आमची साठावर मेंढरं होती, पावसापर्यंत अकरा उरली. मी चौदा वर्षांचा. आबा आणि आई खडी फोडायला जायचे आणि आम्ही लाल मिलोच्या भाकरी खायचो. म्हणून मी जपून म्हटलं, “पुस्तकात नाही दिलं, आबा.”

“त्या मास्तराला ठावं नसंल,” ते म्हणाले. “त्यो निघून गेला न्हवं. ऱ्हायला असता तर कळलं असतं.”

कादंबरीतला सांगणारा कुठवर बघू शकतो आणि कुठून पुढं त्याला दिसत नाही, हे पान उलटता न येणाऱ्या माणसानं इतक्या थोडक्यात सांगितलं. मी पुढं ‘बनगरवाडी’वर बरंच वाचलं, पण माझ्या मनात ती कादंबरी आता त्या प्रश्नासकटच उघडते. काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी हजार वर्षांपूर्वी खऱ्या रसिकाला ‘सहृदय’ म्हटलं आणि अट घातली की काव्याच्या सततच्या सहवासानं त्याच्या मनाचा आरसा लख्ख झालेला हवा. आबांनी बिरोबाच्या ओव्या अख्ख्या रात्री ऐकल्या होत्या, वर्षानुवर्षं. अट पुरी होते, माझ्या मते.

पण मग अधिकार म्हणजे काय उरलं? मला उत्तराच्या जवळ जाणारी एक जागा गीतेतच सापडली. अठराव्या अध्यायात सदुसष्टाव्या श्लोकात कृष्ण म्हणतो, हे कुणाला सांगू नकोस, आणि यादी देतो. त्यात एक आहे ‘अशुश्रूषू’. आज शुश्रूषा म्हटलं की आपल्याला दवाखाना आठवतो, पण मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. ज्याला ऐकायचंच नाही त्याला सांगू नये. जात नाही, वय नाही, शिक्षण नाही. यादीत बाकीच्या अटी आहेत आणि त्यांच्यावर पंडितांनी भांडावं, पण मला ही एक पुरते. आबांना ऐकायचं होतं. अण्णांना त्या पंधराव्या दिवशी ऐकायचं नव्हतं, त्यांचं कुणीतरी ऐकावं असं वाटत होतं. आणि लगेच पुढच्या, अडुसष्टाव्या श्लोकात सांगितलंय की जो हे माझ्या भक्तांना सांगेल तो मला येऊन मिळेल. आधीच्या श्लोकात तोंडाला कुलूप, पुढच्यात किल्ली. पुस्तकवेड्या माणसाची सगळी ओढाताण त्या दोन श्लोकांच्या मधल्या जागेत आहे.

तरी शंका फिटत नाहीच. मागेल त्यालाच द्यावं म्हटलं, तर मी ‘बनगरवाडी’ कशी मागणार होतो? जे आहे हेच ठाऊक नाही ते मागायचं कसं? गुरुजींनी न मागता दिलं, पण देताना ते समोर उभे राहिले नाहीत. सीटवर ठेवलं. मी ते हरवलेलं सामान म्हणून डेपोत जमा केलं असतं तरी चाललं असतं. एवढी पळवाट त्यांनी मला ठेवली होती. माझ्या देण्यात पळवाट नसायची.

हल्ली दर महिन्याला आम्ही सात-आठ जण कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीच्या बाजूला संध्याकाळी जमतो आणि आपापलं पुस्तक सांगतो. एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्या फक्त आत्मचरित्रं वाचतात आणि नवरा चांगला निघाला की पुस्तक सोडून देतात. एक पेढीवाले आहेत, त्यांना रहस्यकथा लागतात. मी नियम केलाय, पुस्तक पायरीवर ठेवायचं, कुणाच्या हातात द्यायचं नाही. नर्सबाई म्हणतात, हा तुमचा जास्तीचा अहंकार. असेल.

मागच्या दिवाळीत अण्णांचा फोन आला. ते आता लेकाकडं साताऱ्याला असतात. बोलता बोलता मी माझं दानाचं सगळं तत्त्वज्ञान त्यांना ऐकवलं, तिन्ही खणांसकट. ते म्हणाले, “कर्णानं कुठं पात्र बघितलं? दारात इंद्र कपटानं उभा, ह्ये ठावं असून कवचकुंडलं दिली.”

मी वाद सोडणार थोडाच. म्हटलं, “अण्णा, व्यासांच्या महाभारतात कर्णानं बदल्यात शक्ती मागून घेतली. म्हणजे राजसच.”

“मागंना का,” अण्णा म्हणाले. “पर इंद्र त्येच्या दारात हात पसरून आला हुता, मास्तर. माज्या दारात तू आलास ते पिशवी घिऊन.”

फोनवर थोडा वेळ नुसती खरखर होती. मग मी म्हटलं, “अण्णा, तुमचं ‘मृत्युंजय’ पाठवता? वाचायचंय.”

आठवड्यानं सातारा-वाई गाडीच्या ड्रायव्हरनं आणून दिलं. टॉवेल बदललाय, पुस्तक तेच. पाठीला पोतं शिवायच्या सुतळीनं टाके घातलेत, कित्येक पानांना डिझेलचे अंगठे. मी आता एकशे चाळिसाव्या पानावर आहे. भाषा अजून जड जाते, पण अण्णांचे अंगठे जिथं जास्त काळे आहेत तिथं मी थांबतो, पुन्हा वाचतो, काय लागलं असेल त्यांना इथं, म्हणून. दोन-तीन जागी मलाही लागलं.

पंधरा दिवस झाले. अण्णांनी अजून एकदाही विचारलेलं नाही, कसं वाटतंय. मी रोज जेवण झालं की फोन उशाशी घेऊन बसतो.